बिनतुरीची कपाशी

माझ्या नावावर साडेचार एकर काळी जमीन आहे आणि आयुष्यात कपाशीचं एक तास मी या टोकापासून त्या टोकापर्यंत निंदलेलं नाही. तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बियाण्यांबद्दल आणि विज्ञानाबद्दल बरंच बोलणार आहे आणि वाचणाऱ्याला उगाच वाटायला नको की हा माणूस मातीत हात घालून बोलतोय. माझे हात खडूत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान शिकवलं आणि गावातच निवृत्त झालो. वरवट बकालहून संग्रामपूरकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. अख्खं गाव मला गुरुजी म्हणतं. बायकोही म्हणते. ती रागावली की जरा जास्तच आदरानं म्हणते.

शेती ती करते. बियांची टोबणी, तणाचं निंदण, कापसाची वेचणी, सगळं तिच्याकडे. माझ्याकडे सातबारा आणि मतं.

ही मतं मला फुकट मिळालेली नाहीत, एवढं मात्र माझ्या बाजूनं म्हणू द्या. बीटी कपाशी आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी तिचा बिनपगारी प्रचारक होतो. फळ्यावर मोठा जिवाणू काढायचो, त्यातला एक बारीकसा तुकडा कपाशीच्या बीत कसा बसवला ते दाखवायचो आणि मग रंगीत खडूनं मेलेली बोंडअळी काढायचो. पोरांना ती अळी फार आवडायची. पोरांनी घरी जाऊन सांगितलं आणि त्यांचे बाप संध्याकाळी पारावर मला विचारायला आले. मी म्हणालो, बिनधास्त पेरा, अळी येणार नाही. आणि खरोखरच काही वर्षं ती आली नाही. पाठीवरचे पंप खाली उतरले, लोकांची घरं सिमेंटची झाली आणि माझी कॉलर ताठ झाली.

त्या बियाण्याच्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट यायचं, साध्या कपाशीचं. ते वावराच्या कडेनं लावायचं, म्हणजे अळीला जेवायला वेगळी पंगत राहते आणि तिला विष पचवायची सवय लागत नाही. हे मला कळत होतं. मीच तर शिकवत होतो. तरी ते पाकीट आमच्या घरी कपाटावर पडून राहायचं. एकदा बायकोनं विचारलं, "हे पेराचं नाही काय?" मी म्हणालो, "अळीसाठी जागा अडवायची? गावात कुणी लावत नाही, आपण एकट्यानं लावून काय होणार?" गावात कुणी लावत नव्हतं ते गुरुजी लावत नव्हते म्हणून. हे मला फार उशिरा कळलं, ते विष पचवणारी गुलाबी बोंडअळी आली तेव्हा.

एका जुन्या विद्यार्थ्यानं किडलेलं बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं. "गुरुजी, तुमीच तं म्हनलं होतं," एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी बाजू बदलली, आणि बाजू बदललेल्या माणसाचा आवाज नेहमीच जरा मोठा असतो. वाचायला लागलो, लिहायला लागलो. कंपन्यांच्या ताब्यात बियाणं जाऊ देऊ नका, रसायनं कमी करा, मिश्र पिकं घ्या. खामगावला बोललो, बुलडाण्याला बोललो, एकदा पुण्यालाही जाऊन आलो. त्यात खोटं काही नव्हतं. आजही त्यातलं बरंचसं मला खरं वाटतं. आमच्या खारपाणपट्ट्यात तर खारं पाणी पिऊन किडन्या गेलेली माणसं गावोगाव आहेत, पाण्याचा विषय निघाला की लोक आवाज खाली घेतात. अशा ठिकाणी मातीत आणखी एक औषध ओतताना दहादा विचार करावा, हे म्हणायला काही मोठं शहाणपण लागत नाही.

मग चोर बीटी आली. सरकारची परवानगी नसलेली कपाशी. तिच्यावर तणनाशक मारलं की गवत जळतं आणि कपाशीची पऱ्हाटी तशीच उभी राहते. बिल नाही, पावती नाही, पाकिटावर धड पत्ता नाही. नाव चोराचं, पण येणं-जाणं राजरोस. कृषी खात्याचे लोक छापे घालायचे, कुठे कुठे शेतकरी उघड पेरून दाखवायचे आणि चहाच्या टपरीवर रोज संसद भरायची.

चोर बीटीच्या विरोधी पक्षात मी. तिच्या बाजूचा पुढारी माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो संग्रामपूरचा, पण बहिणीकडे येणं-जाणं फार. त्याची जीभ तिखट. "गुरुजी, मोबाईल नवा चालते तुमाले, दवाखान्याच्या गोया नव्या चालतात, बियानंच जुनं काऊन पाह्यजे?" मी म्हणायचो, ज्याची पावती नाही त्याची तक्रार तू कुणाकडे करणार? उद्या उगवलं नाही तर? तो म्हणायचा, "पावतीवालं किडलं तवा कोनी केली तक्रार?" यावर मी विषय परदेशात न्यायचो. तिकडे गवतच कसं चिवट झालंय, औषधाला दाद देत नाही, वगैरे. तो चहा संपवायचा आणि म्हणायचा, "तिकडचं गवत तिकडं. इकडचं माही बहीन उपटते."

तेव्हा मला हे वाक्य चहाटळ वाटायचं.

बायकोचे गुडघे गेले होते. एकाएकी नाही, आधी उजवा, मग डावा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जिना जपून. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी निंदायला गेली. निंदण उकिडव्यानंच होतं. दोन तासांमधलं गवत बैल लावून डवऱ्यानं निघतं, पण दोन झाडांमधलं खुरप्यानंच काढावं लागतं, बसून, सरकत सरकत, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. एकदा काढून भागत नाही. पावसाळाभर ते येत राहतं. मजूर लावा म्हणावं तर निंदणाचा आठवडा साऱ्या शिवाराचा एकच असतो, त्या दिवसांत माणूस मिळत नाही. म्हणून गावातल्या पाच बायकांनी वर्षानुवर्षं एक रीत धरली होती. आज हिच्या वावरात पाचही जणी, उद्या तिच्या, परवा तिसरीच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. दिवसाची फेड दिवसानं. त्या पाचातली एक माझी बायको.

साधं, दुकानात मिळणारं तणनाशक तरी कडेनं मारू द्या, असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणालो नाही, तिला जमिनीतल्या जीवजंतूंवर अर्धा तास समजावून सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. गुडघ्यावर लावायचं तेल मात्र मी न चुकता खामगावहून आणायचो. आपण फार काळजी घेतो असं मला वाटायचं.

त्या वर्षी मृग लागायच्या आधी ती म्हणाली, "यंदाचं बियानं मी आनीन." मी एका सभेचं भाषण लिहीत होतो. म्हटलं, आण. टोबणी झाली, पाचही जणी येऊन गेल्या. उगवण चांगली झाली. पावसाळ्यात मी वावरात उतरत नाही, कारण काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो आणि चप्पल उपटायला गेलं की माणूस पडतो. मी रस्त्यावरून बघतो. रस्त्यावरून वावर हिरवंगार आणि स्वच्छ दिसत होतं. इतकं स्वच्छ की मला अभिमान वाटला.

पुढे बुलडाण्याच्या एका सभेत मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "माझ्या वावरात आजवर तणनाशकाचा एक थेंब पडलेला नाही." टाळ्या पडल्या. पुण्याहून आलेल्या एका बाई होत्या, अभ्यासक. देशभर फिरून रसायनमुक्त कापसावर काम करणाऱ्या. त्या नंतर भेटल्या आणि म्हणाल्या, सर, तुमचं शेत बघायला यायचंय. माझी बोली त्यांना "किती गोड" वाटली. मी म्हणालो, अवश्य या. पोळ्याच्या आधीचा दिवस ठरला.

त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी चप्पल हातात घेऊन वावरात उतरलो. पाहुण्यांना कुठून फिरवायचं, कुठे उभं करायचं, ते पाहून ठेवावं म्हणून. पऱ्हाटी मांडीएवढी झाली होती. मी तासं मोजत चाललो. सहा तासं कपाशीची, मग एक तुरीचं, ही आमच्याकडची फार जुनी घडी. त्या तुरीच्या तासातच बाया बरबटीचे म्हणजे चवळीचे, अंबाडीचे चार दाणे टाकतात, वर्षाची भाजी होते. मी सहा तासं ओलांडली. सातवं कपाशीचं. आठवं कपाशीचं. मला वाटलं मोजायला चुकलो. परत धुऱ्यावर, बांधावर येऊन मोजलं. पूर्ण साडेचार एकरांत तुरीचं एक झाड नव्हतं.

बिनतुरीची कपाशी म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. तणनाशक पऱ्हाटीला सोडतं, तुरीला सोडत नाही. म्हणून ज्यानं चोर बीटी लावली तो तूर लावत नाही. वाकून पाहिलं तर खाली वाळलेलं, पिवळं पडलेलं जुनं गवत मातीला चिकटून बसलं होतं. कुणी उपटलेलं नव्हतं. जागच्या जागी मेलेलं होतं.

मी अनवाणी घरी आलो. चप्पल हातातच राहिली होती.

ती ज्वारी निवडत होती, खुर्चीवर बसून, सूप मांडीवर घेऊन. मी ओरडलो. काय काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. फसवणूक म्हणालो, बेकायदा म्हणालो, उद्या पुण्याची माणसं येतायत म्हणालो, माझी इज्जत म्हणालो. ती निवडत राहिली. मला दम लागल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमची इज्जत माह्या गुडघ्यायवर उभी होती, गुरुजी."

मी गप्प झालो नाही. मी आणखी जोरात बोललो. फवारलं कुणी, विचारलं.

"भावानं. तुमी बुलडान्याले गेलते त्या रोजी."

म्हणजे मी छातीवर हात ठेवून उभा होतो तेव्हा.

"गावात कुणाला माहीत आहे?"

"साऱ्याईले."

टपरीवरची महिनाभराची संसद माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मी रोज तिथे जाऊन चोर बीटीवर तोंडसुख घेत होतो आणि ऐकणारा प्रत्येक जण चहाच्या कपात हसत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं नाही, ही त्यांची मेहरबानी. किंवा शाळेत खाल्लेल्या छड्यांची आठवण असेल.

मग ती स्वतःच बोलायला लागली. आवाज चढवला नाही. "तुमी म्हनता ते मले समजते. पावती नाही, बंदी आहे, समजते. तुरीचं मलेही वाईट वाटलं. औंदा बरबटी नाही, अंबाडी नाही, घरची तुरीची डाय नाही. फवारलं तं दोन रोज वावरात वास होता, मी तिकडं फिरकली नाही. पुढच्या साली पेरीन का नाही, आता सांगता येत नाही. पन मले एक पावसाळा उभ्यानं काढाचा होता. एकच."

एवढं सगळं तिनं मनात तोलून पाहिलं होतं. मी पन्नास भाषणांत जे दोन्ही बाजूंनी कधी मांडलं नव्हतं ते तिनं सूप शेजारी ठेवून मांडलं. आज मी हे कबूल करतो. त्या दिवशी मी म्हणालो, "ते सगळं ठीक आहे, पण उद्या काय करायचं?"

"येऊ द्या त्याईले. खरं सांगा."

"खरं सांगा म्हणजे? मी काय तोंड दाखवू?"

ती पुन्हा निवडायला लागली. निवडता निवडता दुसऱ्या दिवसाबद्दल काहीतरी म्हणाली. मी तापल्याचं निमित्त करावं की मोबाईल बंद ठेवावा, या विचारात होतो. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही.

पाहुणे सकाळी आले. त्या बाई आणि त्यांच्याबरोबर कॅमेरा घेतलेले दोन तरुण. बायको घरी नव्हती. मला वाटलं, मुद्दामच संग्रामपूरला भावाकडे निघून गेली असेल, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. शेजारणीकडून चहा मागवला. चहा पिता पिता माझ्या डोक्यात एक युक्ती आली. आज ती आठवली की अंगाला घाम येतो.

आमचं वावर नाल्याच्या पलीकडे, आणि अलीकडे एका विधवा बाईचं वावर आहे. त्या पाच जणींपैकीच एक. तिच्या वावरात सहा तासांमागे एक तूर, मध्ये बरबटीचे वेल, धुऱ्याला अंबाडी. जशी पाहिजे तशी. चोर बीटी तिनं लावली नव्हती. मी ठरवलं, पाहुण्यांना तिकडेच न्यायचं. "माझं" म्हणायचं नाही, नुसतं हात फिरवून "हा पट्टा" म्हणायचं. नाल्याला पाणी आहे, पलीकडे जाता येणार नाही, असंही सांगायचं. नाल्याला घोटाभर पाणी होतं.

वाटेनं बाई बोलत होत्या. मिश्र पीक, पारंपरिक ज्ञान, स्त्रियांचा शेतीतला सहभाग. मी "बरोबर" म्हणत होतो. यातलं प्रत्येक वाक्य मी स्वतः कुठे ना कुठे वापरलेलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना मला माझाच आवाज आल्यासारखं वाटलं, आणि तो मला आवडला नाही.

धुऱ्यावर पोचलो. मी हात फिरवला. "हा पट्टा," म्हणालो. बाई खूष झाल्या. तरुणांनी तुरीचे, बरबटीचे फोटो काढले. वावराच्या मध्यावर पाच जणी निंदत होत्या, आमच्याकडे पाठ, डोक्यावर पदर, ओळीनं. बाई म्हणाल्या, "वा, महिलांशी बोलायचंच होतं," आणि चिखलाची पर्वा न करता सरळ आत गेल्या. त्यांचे बूट चांगले होते. मी चप्पल काढून मागे धावलो.

बाई सगळ्यात कडेच्या बाईजवळ जाऊन खाली बसल्या. त्या बाईनं मान वळवून बघितलं, आणि मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. ती माझी बायको होती.

आदल्या दिवशी तिनं काय सांगितलं होतं ते मला तिथे, चिखलात उभा असताना कळलं. उद्या त्या विधवेचा दिवस आहे, हेच तिनं सांगितलं असणार. या बाकीच्या चौघी आमची कपाशी टोबायला आल्या होत्या. आमच्याकडे यंदा निंदण नव्हतं म्हणून तिची फेड काही माफ झालेली नव्हती. स्वतःच्या वावरातलं बसणं तिनं चुकवलं होतं. त्यांच्या वावरातलं चुकवलं नव्हतं.

"ताई, किती वर्षांपासून हे काम करता?" बाईंनी विचारलं. एका तरुणानं कॅमेरा धरला.

बायकोनं खुरपं थांबवलं नाही. "लगन झालं तवापासून."

बाकीच्या चौघी खाली माना घालून निंदत होत्या, पण त्यांची खुरपी मंदावली.

"सरांच्याच शेतात?"

"हो जी. गुरुजींच्याच."

"अरे वा. मग मजुरी वेळेवर मिळते ना?"

आता खुरपं थांबलं. तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी ओळखलं असतं, इतक्या वर्षांत तेवढं तरी मी शिकलो होतो. ती खरोखर विचार करत होती, आपण काय उत्तर द्यावं याचा.

"ते गुरुजींले इचारा," ती म्हणाली.

एकीला हसू आवरलं नाही, तिनं पदर तोंडात धरला. बाई हसऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळल्या. कॅमेराही वळला. मी शिक्षक माणूस, वर्गात कधी शब्दाला अडलो नाही. अजूनही सुटता आलं असतं. "मिळते, मिळते," एवढं म्हटलं असतं तर सगळं निभलं असतं. तिनं मला उघडं पाडलं नसतं. तिनं एकही शब्द खोटा उच्चारला नव्हता आणि मला पळायला वाटही ठेवली होती. त्या वाटेनंच मला लाज आणली.

"ही माझी बायको आहे," मी म्हणालो. "आणि हे वावर माझं नाही."

बाईंना वाटलं मी विनोद करतोय. त्या हसल्या, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबल्या. "मग तुमचं कुठंय, सर?"

माझ्या आधी तीच बोलली. "नाल्याच्या पलीकडं. चला, दाखवतो. चोर बीटी आहे, तूर नाही त्याच्यात. काऊन लावली तेही सांगतो, आयकाचं असन तं."

बाईंनी त्या तरुणाला कॅमेरा खाली घ्यायला सांगितलं आणि "ऐकायचंय" म्हणाल्या. हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

बायकोनं खुरपं मातीत रोवलं आणि उठायला लागली. मी ते पाहिलं. आधी डाव्या हाताचा तळवा चिखलात पूर्ण टेकला. मग त्यावर भार देऊन ती एका अंगावर कलली, उजवा पाय हातानं धरून पुढे ओढला, ओठ आत घेतले आणि श्वास धरला. पाय जमीन धरेपर्यंत थोडी थांबली. हे ती दिवसातून किती वेळा करत असेल कोण जाणे. इतक्या वर्षांत मी तिला बसलेली पाहिली होती, आणि संध्याकाळी घरी चालत आलेली पाहिली होती. मधलं हे उठणं मी कधीच पाहिलं नव्हतं, कारण उठायच्या वेळी मी तिथे कधीच नसायचो.

मी पुढे झालो आणि हात दिला.

ती अर्धवट उठलेली होती, डोळे दुखण्यानं मिटलेले. तिनं हात वर केला, माझा हात ओलांडून पलीकडे नेला आणि शेजारच्या विधवेचा खांदा चाचपून धरला. रागानं नाही. तिला सवयच नव्हती की त्या बाजूला मी असेन.